नुसता फोन कर

१२ मार्च २०१७, रहाटणी

चौकीतले साहेब म्हणाले, "ताई, आठवेल ते लिहून ठेवत जा. कधी कशाचा उपयोग होईल सांगता येत नाही." म्हणून आज ही वही आणली. पण आठवण्यासारखं होतं ते सगळं त्यांना सांगून झालंय.

सुजित, माझा नवरा, गेल्या महिन्यात पहिल्या शिफ्टला म्हणून घरातून निघाला आणि चाकणच्या त्याच्या कंपनीत पोचलाच नाही. गाडी नाशिक रोडला एका ढाब्याबाहेर सापडली. नीट स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं. डिकीत फोन, पाकीट, कंपनीचं कार्ड. ढाबेवाल्याला काही आठवत नाही. कंपनीतली सुजितची लाइन बंद होणार असं दिवाळीपासून कानावर येत होतं आणि तेव्हापासून त्याचं बोलणं कमी झालं होतं. मला वाटलं, थकत असेल. मी स्वतः भोसरीला दिवसभर उभं राहून गाड्यांचे वायरिंग हार्नेस, वायरींचे जुडगे, तपासते. संध्याकाळी आमच्या घरात कोण बोलत होतं?

आत्या आता इथेच राहायला आल्यात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गवराबाई. चाकणच्या पलीकडे त्यांचं गाव. सुजित त्यांचा एकुलता एक. त्या माझ्यासमोर रडत नाहीत. भाकरी थापून झाल्या की विचारतात, "एक जादा ठिवू का गं?" मी म्हणते, ठेवा. त्यांची आशा मोडायची माझ्यात हिंमत नाही.

१९ मार्च

आज पोस्टर लावली. चुलतदीर ज्या छापखान्यात काम करतो त्यांनी छापून दिली. वर सुजितचा लग्नातला फोटो, खाली मी लिहिलं तसंच: "सुजित, जिथे असशील तिथून फोन कर. काहीही झालेलं असो, कोणी रागावणार नाही. नुसता फोन कर." आणि माझा मोबाइल नंबर. दीर म्हणाला, "वहिनी, वय, उंची, अंगावरचे कपडे लिहायला पाहिजे होते." पण ते पोलिसांच्या कागदावर आहेच. मला त्याच्याशी बोलायचं होतं.

तळेगाव चौक, एमआयडीसीतले बसथांबे, कांदा मार्केटचं गेट. त्याच्याकडे फोन नाही, पण माझा नंबर त्याला पाठ आहे. तेवढा एकच नंबर त्याला पाठ आहे.

२८ मार्च

आज दुपारी डबा खाताना फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडे गाड्यांचा आवाज, बोलत कोणीच नाही. मी ओरडलेच, "सुजित? सुजित, बोल ना!"

"न्हाई ताई," एक मुलगा म्हणाला. "मी सुजित न्हाई."

"मग तुम्ही बघितलंय का त्यांना कुठे?"

"न्हाई बघितलं." पलीकडे एक बस थांबून गेली. "तुमी इथं लिवलंय ना, कुणी रागावणार न्हाई. म्हणून केला."

मला इतका संताप आला. लोकांना चेष्टा सुचते. मी ठेवणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "कट करू नका ताई." त्या आवाजात काहीतरी होतं. मी नाही कट केला.

नाव ज्योतीराम. बीडकडचा. इथे कंत्राटी कामगार, कंत्राट संपलं, घरी सांगितलेलं नाही, खोलीवरची पोरं गावी गेलीत. बसथांब्यावर सकाळपासून बसून आहे आणि समोर आमचं पोस्टर. मी विचारलं, "जेवलास का?" म्हणाला, नाही. मी म्हटलं, "आधी काहीतरी खा आणि मला परत फोन कर. मी वाट बघते."

सुपरवायझर ओरडत होता तरी फोन हातात घेऊन बसले. आला फोन. "मिसळ खाल्ली ताई." मग लाइनवर गेले आणि वायरी तपासता तपासता रडले. त्याच्यासाठी नाही. तो सुजित नव्हता म्हणून.

२ सप्टेंबर

पोस्टर पावसाने गेली असं वाटलं होतं. पण कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवलाय, आणि आता रोज कुणी ना कुणी फोन करतं. "ताई, मी तुमचा नवरा नाही, पण..." अशीच सुरुवात होते. एका बाईच्या माणसाने बोलणं सोडलंय. एकाचा हात प्रेसमध्ये गेला. एक नुसताच हुंदके देतो आणि थँक्यू म्हणून ठेवतो. ज्योतीरामला पॅकिंगमध्ये काम लागलंय. सुटीच्या दिवशी तो येतो आणि माझ्या शेजारी बसून थोडे फोन घेतो. त्याला माझ्यापेक्षा छान जमतं.

पण भीती वाटते. मी कोण? उद्या माझ्या तोंडून काही भलतंच गेलं तर? पिंपरीतल्या एका दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टर आहेत, विजयश्री मॅडम. त्यांच्याकडे गेले. वाटलं, हे सगळं बंद करा म्हणतील. त्या म्हणाल्या, "बंद कशाला? शिका." पहिल्याच दिवशी शिकवलं ते असं की, मनात शंका आली तर आडून आडून विचारायचं नाही. थेट विचारायचं, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणसाला वाटतं, चला, कुणाला तरी कळलं.

घरी येताना बसमध्ये तो प्रश्न मनातल्या मनात म्हणून पाहिला. दिवाळीतल्या सुजितला. तो काय म्हणाला असता ते मात्र ऐकू आलं नाही.

२० सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. आत्या सकाळीच गावाला गेल्या. सासऱ्यांचं पित्र असतं. मी येते म्हटलं तर म्हणाल्या, "नगं. तुझं फोन असत्यात." संध्याकाळी आल्या तेव्हा डोळे सुजले होते. सासऱ्यांना जाऊन किती वर्षं झाली, पण या बाईची माया बघा.

१४ जानेवारी २०१८

आजपासून आमची संस्था. रहाटणीतच, किराणा दुकानाच्या वर एक खोली मिळाली आहे. दोन फोन, चार खुर्च्या, एक पंखा. नावावरून वाद झाला. डॉक्टरांना भारदस्त नाव हवं होतं. ज्योतीराम म्हणाला, "मॅडम, खोलीवरची पोरं 'फोन कर वाल्या ताई' म्हणूनच वळखतात." तेच नाव ठेवलं. फोन कर.

आत्यांनी तिळगूळ वाटला. सगळ्यांना म्हणाल्या, "माज्या सुनेनं काढलीया." सुजित येऊन बघेल तेव्हा काय म्हणेल? बहुतेक म्हणेल, एवढं सगळं करायची काय गरज होती, अनिता.

५ जुलै २०१९

चाकणच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं होतं. तिथल्या पर्सोनेल मॅनेजरना आमचं पोस्टर दाखवलं. म्हणाले, "छान आहे. फक्त तो 'आत्महत्या' शब्द काढा. वातावरण निगेटिव्ह होतं. 'तणावमुक्ती' लिहा." मी म्हटलं, "सर, ज्याच्या मनात तो विचार आहे त्याला तणावमुक्तीचं पोस्टर आपलं वाटत नाही." त्यांनी चहा मागवला. ठरलं असं की कँटीनमध्ये तणावमुक्ती आणि कपडे बदलायच्या खोलीत आमचं मूळ पोस्टर. तिथे साहेबलोक जात नाहीत.

परत निघताना गेटवर दुसरी शिफ्ट आत येत होती. निळे शर्ट, शेकड्याने. मी नेहमीसारखी एकेक चेहरा बघत उभी राहिले. ज्योतीरामने रिक्षा थांबवून ठेवली.

नोकरी सोडली. आता पूर्णवेळ हेच.

२४ एप्रिल २०२०

लॉकडाऊन. खोली बंद, सगळे आपापल्या घरून फोन घेतायत. कामगार खोल्यांमध्ये अडकलेत, कंपन्या बंद, गावाला जायला गाडी नाही. फोन ठेवला की वाजतो.

आज मी अंघोळीला गेले होते आणि बाहेर येऊन बघते तर आत्या माझ्या फोनवर! आत्या कधी फोनला हात लावत नाहीत. पलीकडे कुणी लातूरकडचा बाप होता. त्याचा मुलगा गेल्या वर्षी गेला, आता तो एकटाच खोलीत.

"तुमी कांदा लावता का?" आत्या त्याला विचारत होत्या. "मग काय लावता? सोयाबीन? त्येला पानी किती लागतंय?" असं कितीतरी वेळ. मग एकदम म्हणाल्या, "लोकं म्हनत्यात इसरा. इसरायचं कशाला? आपलं लेकरू हाय. मी रोज बोलती माज्या लेकाशी. गेला म्हनून काय बोलायचं न्हाई?"

मी दारात थबकले. मग लक्षात आलं, त्या माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. आत्या हुशार आहेत. डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अनिता, तुम्ही दोघी आपसात कधी बोलता का सुजितबद्दल?" म्हटलं, रोज. तो आल्यावर काय काय करायचं ते सगळं.

९ ऑगस्ट २०२१

आज काही लिहावंसं वाटत नाही. आळंदी फाट्याजवळ राहणारी एक मुलगी गेला महिनाभर आमच्याशी बोलत होती. डॉक्टरांकडेही जात होती, गोळ्याही सुरू होत्या. ती गेली. आमच्याकडून काही राहिलं नाही असं डॉक्टर म्हणतात. ज्योतीराम जिन्यात बसून होता. त्याच्या पाठीवर हात ठेवला. नवीन आलेल्या दोघींना आज सुटी दिली.

तिच्या आईने फोन करून आमचे आभार मानले. महिनाभर जास्त मिळाली म्हणाली.

१७ नोव्हेंबर २०२२

घडलं ते लिहून काढते.

चाकण केंद्रात होते. कांदा मार्केटच्या मागे आता आमची मोठी जागा आहे, सहा जण एका वेळी बसतात. दुपारी ऋतिक नावाच्या मुलाचा फोन. ट्रेनी, म्हाळुंग्याला खोली. थेट विचारलं, थेट हो म्हणाला. हळूहळू बोलता झाला होता. वडिलांचं सांगत होता. तेवढ्यात पर्समध्ये माझा मोबाइल वाजला. माझा जुना नंबर. काढून बघितलं तर अनोळखी, बाहेरच्या राज्यातला.

मी ऋतिकला म्हटलं, "एक मिनिट हं, थांब." आणि तो उचलला.

क्रेडिट कार्डवाली बाई होती.

परत येईपर्यंत ऋतिकने ठेवलं होतं. लावला तर उचलेना. मग फोन बंद. ज्योतीरामने पोलिसांना कळवलं, खोलीवरच्या मुलांचा पत्ता काढला, गाडीवर निघाला. आम्ही बाकीचे फोन घेत होतो आणि दाराकडे बघत होतो. अंधार पडायच्या आधी ज्योतीरामचा फोन आला, "सापडला ताई. कंपनीच्या बसथांब्यावर बसलाय. नुसता बसलाय. मी हाय त्याच्यापाशी. दवाखान्यात घेऊन जातो."

मग म्हणाला, "ताई, एक सांगू? राग मानू नका. तो म्हणला, ताईंना पण दुसरं काम असेल ना."

१८ नोव्हेंबर

डॉक्टर विजयश्री आल्या होत्या. ओरडल्या नाहीत, त्याचं जास्त लागलं. "तो फोन कोणाचा असेल असं वाटलं तुला?"

"कोणाचाही असू शकतो."

"कोणाचा, अनिता?"

मी म्हटलं, जुन्या पोस्टरवर तोच नंबर आहे, लोक अजून त्यावर करतात. ते खरंच आहे. त्या म्हणाल्या, "मग तो नंबर इथल्या फोनना जोडू. जो ड्युटीवर असेल तो उचलेल. तुझ्या पर्समध्ये कशाला?" मी म्हटलं, नाही. आत्यांना काय वाटेल? त्यांचा त्या नंबरवर जीव आहे.

तीन महिने फोनवर बसायचं नाही असं त्यांनी सांगितलंय. चूक माझी आहे, मान्य. पण डॉक्टर कधीकधी उगाच खोलात जातात.

ऋतिक बरा आहे. वडील येऊन राहिलेत त्याच्यापाशी. मी भेटायला गेले आणि माफी मागितली. तो उलट मलाच विचारतो, "ताई, तो दुसरा फोन महत्त्वाचा होता का?"

६ मार्च २०२४

सात वर्षं झाली. वकीलबाई म्हणाल्या, आता कोर्टात अर्ज करता येईल, मग कायद्याने मृत्यूची नोंद होते आणि कागदपत्रांची अडचण सुटते. चुलतदीरसुद्धा फार हळूच म्हणाला, "वहिनी, बघा."

मी नाही म्हणून सांगितलं. आत्या जिवंत असेपर्यंत मी त्या कागदावर सही करणार नाही. एका आईला आपला मुलगा नाही असं मी कसं लिहून देऊ? घरी येऊन आत्यांना एवढंच सांगितलं, "वकिलांना नको म्हणाले." आत्या कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "बरं." मग डोळ्याला पदर लावला. कांदा झणझणीत होता.

"भाकरी ठिवू का जादा?"

"ठेवा."

११ जून

संस्थेला आता सोपा, लक्षात राहील असा नवा नंबर मिळाला आहे. माणपासून चाकणपर्यंत कंपन्यांच्या बसमध्ये तो लागणार. हिंजवडीतली आयटीची मुलंमुली फोनवर बसायला शिकतायत. हिंदी, कानडी बोलणारेही आहेत. विश्वस्तांच्या बैठकीत परत जुन्या नंबरचा विषय निघाला. या वेळी ज्योतीरामनेच काढला. तो आता आमच्याकडे व्यवस्थापक आहे, लग्न झालं, मुलगी आहे. मला वाटलं होतं निदान तो तरी...

"ताई, माझा पहिला फोन त्याच नंबरवर होता," तो म्हणाला. "म्हणून सांगतो. तुम्ही अंघोळीला गेला, झोपला, आजारी पडला, तर त्यावर करणाऱ्याने काय करायचं?"

मी उठून गेले. रागाने नाही. दम लागला होता.

२ ऑक्टोबर

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहिते.

सर्वपित्री अमावास्या होती आणि आत्या कालच गावाला गेल्या होत्या. गांधी जयंतीमुळे कंपन्या बंद, कामगारांसाठीचं माझं एकही सत्र नव्हतं. म्हटलं, या वेळी आपणच जाऊन आत्यांना घेऊन यावं, त्यांचे गुडघे दुखतात. कळवलं नाही.

गावातल्या घराच्या मागे परसात गेले. तिथे पडवीच्या भिंतीवर दोन पानं वाढून ठेवली होती. एकावर सासऱ्यांची आवडती गवारीची भाजी, कढी, खीर. दुसऱ्यावर खीर होती, वडा होता, आणि कांद्याच्या भज्यांचा ढीग. आत्या हात जोडून उभ्या होत्या. कावळा आला आणि दुसऱ्या पानावर बसला. चुलतजाऊ टाळी वाजवून म्हणाली, "आत्या, सुजितभावजींचं शिवलं बघा लगेच!"

मग तिला मी दिसले. ती तशीच आत पळाली.

आत्या वळल्या. मी विचारलं, "हे कधीपासून?"

"पयल्या वर्सापासनं."

"पहिल्या वर्षापासून?"

"तिथी ठावं न्हाई ना पोरी. म्हनून अमुशेला." त्यांनी पदर सावरला. "मला त्याच दिसी कळलं व्हतं. पाकीट ठिवून गेला म्हनल्यावर कळलं. आईला कळतं गं."

मी ओरडलेच बहुतेक. "मग मला का नाही सांगितलंत? रोज ती भाकरी, रोज विचारायचात..."

"तू ठिवा म्हनायचीस, म्हनून ठिवायची. सकाळी दुधात कुस्करून मीच खायची." त्या पायरीवर बसल्या. "तू दारातनं वाकून बघायचीस. फोन वाजला की तुजं तोंड उजळायचं. मी कोन तुजी वाट मोडनारी? म्हनलं, तिला जवा उमजंल तवा उमजंल. तवर आपन सोबत करायची."

"आत्या, मी तुमच्यासाठी थांबले होते."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "माज्यासाठी?"

"तुम्हाला वाटतंय तो येईल, म्हणून. वकिलांना नाही म्हणाले ते तुमच्यासाठी. तो नंबर तुमच्यासाठी..."

"अगं माजे बाई," त्या म्हणाल्या. "अगं माजे बाई गं."

आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मी पण. जाऊ पाणी घेऊन आली आणि आमच्याजवळच बसून राहिली. कावळे दोन्ही पानं साफ करून गेले.

गाडीत बसल्यावर एक विचार आला. आत्यांसाठी थांबले होते हे मी त्यांना सांगितलं, पण ते तरी खरं आहे का?

५ ऑक्टोबर

काही नाही. दोघी घरात. भाकरी मोजून केल्या. दोन त्यांच्या, दोन माझ्या. सगळ्या संपवल्या.

१२ ऑक्टोबर, दसरा

कंपन्यांत दरवर्षी यंत्रांची पूजा करतात तशी आम्ही केंद्रात फोनची करतो. हेडफोनना झेंडूची माळ, कळफलकावर हळदकुंकू. आत्यांना आणलं होतं. विजयश्री मॅडमही आल्या होत्या. एका मुलीच्या हेडफोनची माळ पूजेच्या मध्येच काढावी लागली, कारण फोन आला.

पूजा झाल्यावर मी ज्योतीरामला बाजूला घेतलं आणि माझा मोबाइल त्याच्या हातात दिला. "हा नंबर जोडून टाक सगळ्यांना. जो ड्युटीवर असेल त्याने उचलायचा. मला नवीन नंबर घेऊन दे."

त्याने फोन घेतला नाही लगेच. "ताई, विचार केलाय ना? आणि..." त्याने आवाज खाली आणला. "आणि सुजितभाऊंचाच आला तर?"

मी त्या मुलीकडे बघितलं. पाठमोरी बसली होती, एक हात कानावर. पलीकडच्याला काही घाई नाही असं सांगत होती. मागच्या वर्षी हिला हे शिकवताना मला वाटलं होतं, हिला नाही जमणार.

"आला तर ती त्याच्याशी नीट बोलेल," मी म्हटलं.

ज्योतीरामने फोन घेतला आणि दोन्ही हातात धरून उभा राहिला.

२७ ऑक्टोबर

आत्यांचे गुडघे आज बरे होते, म्हणून चकल्या करायला बसलो. सोऱ्या दाबताना त्या आपणहून सांगायला लागल्या. सुजित सात वर्षांचा असतानाची गोष्ट. वडिलांबरोबर हट्टाने चाकणच्या कांदा मार्केटला गेला आणि तिथे दिसेनासा झाला. सासऱ्यांनी सगळा बाजार पालथा घातला. हमाल, आडते, मापाडी, सगळे "सुजित, सुजित" करत फिरतायत, लाउडस्पीकरवरून पुकारतायत. इकडे गावात आत्यांना निरोप, त्या अनवाणी निघालेल्या. आणि हा एका गाळ्यात गोण्यांच्या मागे गाढ झोपलेला! लिलाव बोलत बोलत लोक त्या ढिगापाशी आले, गोणी बाजूला केली, तर हा डोळे चोळत उठला. एवढी माणसं आपल्याभोवती बघून त्याने काय विचारावं? "माजा भाव किती लागला?"

"मग?" मी म्हटलं. हसून हसून चकली मोडली होती.

"मंग काय, त्या आडत्यानं त्येला खांद्यावर घेतला आन म्हनला, ह्यो इकायचा न्हाई. आन बापानं तिथंच रडून घेतलं सगळ्या बाजारात."

मला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. सात वर्षं आम्ही दोघी तो आल्यावर काय करायचं तेच बोलत राहिलो, आधीचा तो मी कधी विचारलाच नाही. आत्या म्हणतात, अजून पुष्कळ गोष्टी आहेत. विहिरीची एक, शाळेतल्या घंटेची एक.

सुजित असता तर लाजून चिडला असता. आणि मी त्याला जन्मभर भाव विचारत राहिले असते, सकाळी डबा देताना, रागावला की, उगाचच. फार हवा होता आज.